मेंदूशस्त्रक्रियेचं सामूहिक संशोधन आणि एमबीबीएसचे विद्यार्थी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या वेळच्या पत्रांत निम्म्याहून अधिक पत्रं वैद्यकीय विद्यार्थ्यांची आहेत आणि विषय एकच : अनेक रुग्णालयांनी मिळून करायच्या न्यूरोसर्जरीच्या अभ्यासांत भाग घ्यावा का, आणि घ्यायचा तर कसा. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या ग्रुपवर ‘कोलॅबोरेटिव्ह स्टडीसाठी विद्यार्थी हवेत’ असा निरोप आला. हा प्रकार नक्की काय असतो? ज्याने अजून वॉर्डही धड पाहिला नाही त्याचा तिथे काय उपयोग? (सोलापूर)

एका रुग्णालयात एकाच प्रकारचे रुग्ण वर्षाला किती येणार? क्रॉनिक सबड्युरल हेमॅटोमा घ्या. वयस्कर माणसाच्या कवटीखाली हळूहळू साचणारं हे जुनं रक्त. ऑपरेशननंतर ते पुन्हा का साचतं हे शोधायला शेकड्यांनी रुग्ण लागतात, आणि एकट्या विभागाची त्यात बरीच वर्षं जातात. म्हणून अनेक विभागांनी एकच फॉर्म, एकच व्याख्या आणि एकच कालावधी ठरवून एकाच वेळी नोंदी करायच्या, हा यातला मूळ विचार आहे.

ब्रिटनमध्ये २०१२ साली न्यूरोसर्जरी शिकणाऱ्या डॉक्टरांनी ‘ब्रिटिश न्यूरोसर्जिकल ट्रेनी रिसर्च कोलॅबोरेटिव्ह’ उभी केली. क्रॉनिक सबड्युरलवरच्या त्यांच्या पाहणीत २६ विभागांतून १२०५ रुग्णांच्या नोंदी जमल्या. पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण सुमारे ९ टक्के निघालं, आणि रक्त काढल्यावर ड्रेन, म्हणजे उरलेलं रक्त वाहून जायची नळी, ठेवला तर हे प्रमाण कमी होतं हेही रोजच्या कामातल्या आकड्यांतून दिसलं. विद्यार्थ्यांची गोष्ट तिथे २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टारसर्ज’ने पुढे नेली. सर्जरीच्या अभ्यासांत नोंदी करणारे मुख्यतः विद्यार्थीच असतील, अशीच त्या जाळ्याची रचना आहे. डोक्याच्या दुखापतीवर ‘ग्लोबल न्यूरोट्रॉमा आउटकम्स स्टडी’ झाला. त्यात ५७ देशांतल्या १५९ रुग्णालयांतून, दुखापतीनंतर तातडीचं ऑपरेशन झालेल्या १६३५ रुग्णांची माहिती आली. आपल्याकडेही ‘टिटको’ या अपघातविषयक प्रकल्पात मुंबईचं केईएम आणि सायन, शिवाय दिल्ली आणि कोलकात्याची सरकारी रुग्णालयं अशी एकत्र आली होती.

दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ऑपरेशनचा निर्णय कळायची गरज नाही. केस पेपर वाचता यावा, व्याख्या जशीच्या तशी लावता यावी आणि शंका आली की विचारायची सवय असावी, एवढं पुरे. वॉर्ड पाहिलेला नसेल तर मात्र थांबा. तिसऱ्या वर्षी क्लिनिकल पोस्टिंग रुळली की केस पेपरमधली लघुरूपं आपोआप कळू लागतात.

प्रश्न : काम म्हणजे एक्सेलमध्ये आकडे भरणंच ना? त्यात चुकण्यासारखं काय आहे? (पुणे)

आलेल्या पत्रांतला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून उत्तर लांबेल. सामूहिक अभ्यास बिघडतो तो बहुतेक वेळा याच टप्प्यावर. नंतर कितीही हुशार सांख्यिकीतज्ज्ञ आला तरी त्याला तो दुरुस्त करता येत नाही.

पहिली अडचण : रुग्ण शोधणं. समजा, ‘या ३० दिवसांत डोक्याच्या दुखापतीसाठी तातडीचं ऑपरेशन झालेले सर्व रुग्ण’ असा निकष आहे. विद्यार्थी न्यूरोसर्जरीच्या वॉर्डचं रजिस्टर काढतो, त्यात अकरा नावं सापडतात, तो खूश होतो. पण मध्यरात्री आलेला रुग्ण इमर्जन्सी ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) गेला, कदाचित जनरल सर्जरीच्या युनिटने ऑपरेशन केलं, पहाटे आयसीयूत तो दगावला आणि न्यूरोसर्जरीच्या वॉर्डात त्याचं नाव कधी चढलंच नाही. डामा घेऊन, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, नातेवाइकांनी हलवलेल्या रुग्णाचंही तेच. निसटणारे रुग्ण असे कोणतेही नसतात, जास्त गंभीर तेच निसटतात. त्यांच्याविना काढलेला मृत्युदर छान दिसतो आणि खोटा असतो. म्हणून इमर्जन्सी ओटीचं रजिस्टर, कॅज्युअल्टीचं रजिस्टर, सीटी स्कॅनचं रजिस्टर आणि आयसीयूची भरतीची वही, ही चारही रोजच्या रोज पडताळा. महिन्याअखेरीस एकदम बसलात तर अर्धे केस पेपर एमआरडीच्या, म्हणजे जुने केस पेपर ठेवणाऱ्या विभागाच्या, गठ्ठ्यात गेलेले असतील. एमएलसी, म्हणजे पोलिसांकडे नोंद झालेलं प्रकरण, असेल तर ते आणखी उशिरा हाती लागतील.

दुसरी अडचण : ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे रुग्ण किती शुद्धीत आहे याचे गुण (जितके जास्त तितका शुद्धीत). एका केस पेपरमध्ये तीन आकडे सापडतात. कॅज्युअल्टीत ९, श्वासाची नळी टाकल्यावर वॉर्डात ‘५टी’ (टी म्हणजे नळी), आणि भूलतज्ज्ञांच्या नोंदीत आणखी वेगळा. कोणता घ्यायचा हे विद्यार्थ्याने ठरवायचं नसतं. प्रकल्पाच्या डेटा डिक्शनरीत, म्हणजे प्रत्येक रकान्याचा अर्थ सांगणाऱ्या यादीत, ‘ऑपरेशनपूर्वीचा शेवटचा’ किंवा ‘दाखल होतानाचा’ असं लिहिलेलं असतं, तेच पाळायचं. डोळे, बोलणं आणि हालचाल हे तिन्ही भाग वेगळे लिहा, नुसती बेरीज नको. नळी असलेल्या रुग्णाचं बोलणं तपासताच येत नाही. तिथे १ भरला तर डोळे ३ आणि हालचाल ६ असलेल्या, म्हणजे सांगितलेलं करणाऱ्या रुग्णाची बेरीज १० होते आणि तो कागदावर आहे त्याहून वाईट दिसतो. ‘तपासता आलं नाही’ यासाठी फॉर्ममध्ये वेगळा पर्याय असतो. नसेल तर तो मागून घ्या.

तिसरी : सीटी. मिडलाइन शिफ्ट, म्हणजे मेंदूचा मध्य एका बाजूला सरकणं, मेंदूतल्या फोरामेन ऑफ मन्रो या छिद्राच्या पातळीवरच्या काप-चित्रावर मोजतात. फाल्क्सच्या, म्हणजे मेंदूच्या दोन अर्धांमधल्या पडद्याच्या, पुढच्या आणि मागच्या टोकांना जोडणारी रेघ काढायची आणि सेप्टम पेल्युसिडम हा मधला पातळ पडदा त्या रेघेपासून किती मिलिमीटर सरकला ते घ्यायचं. विद्यार्थी बहुधा जिथे शिफ्ट जास्त दिसतो त्याच कापावर मोजतात, मग दोन जणांचे आकडे जुळत नाहीत. मोबाइलवर काढलेल्या फिल्मच्या फोटोवरून तर मोजूच नका. मोजायचं असेल तर रेडिऑलॉजीच्या संगणकावर, रेसिडेंटला शेजारी बसवून.

चौथी, आणि सगळ्यात फसवी : कोरी जागा. केस पेपरमध्ये अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेलचा उल्लेख नाही म्हणजे रुग्ण ती गोळी घेत नव्हता, असा अर्थ होत नाही. कुणी विचारलंच नसेल. ‘नाही’ आणि ‘नोंद नाही’ ही दोन वेगळी उत्तरं आहेत. शंभर रुग्णालयांत शंभर विद्यार्थ्यांनी कोऱ्या जागेला ‘नाही’ म्हटलं, तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा आणि पुन्हा रक्त साचण्याचा संबंध आकडेवारीतून पुसला जाईल.

यावर उपाय सोपा आहे. प्रत्यक्ष काम सुरू करण्याआधी टीममधल्या दोघांनी त्याच पाच केस पेपरांवरून स्वतंत्रपणे फॉर्म भरायचा आणि मग समोरासमोर ताडून पाहायचा. जिथे फरक पडेल तिथे व्याख्या नीट समजलेली नाही असं धरा, प्रकल्पाच्या समन्वयकाला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. पहिल्या काही नोंदींना प्रत्येकी तासभर लागतो, हात बसला की वीस-पंचवीस मिनिटं. ग्लोबलसर्ज या अनेक देशांतल्या सर्जरी-संशोधनाच्या जाळ्याच्या अभ्यासांत ९५ टक्क्यांहून जास्त रकाने भरलेले नसतील तर त्या केंद्राचा डेटाच वगळतात. शिवाय दुसरा कुणी तरी काही नोंदी मूळ कागदांवरून तपासतो.

एक्सेलबद्दलही सांगायला हवं. तारखांचा दिवस आणि महिना उलटापालटा करणं, नोंदणी क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं खाणं, हे एक्सेल न सांगता करतं. बहुतेक मोठे प्रकल्प रेडकॅप ही संशोधनाच्या नोंदींसाठीची संगणक-प्रणाली वापरतात. त्यात चुकीचा आकडा भरू लागलात तर फॉर्म अडवतो, आणि कुणी कधी काय बदललं याची नोंद राहते.

प्रश्न : निकालाच्या रकान्यात ‘डिस्चार्ज’ लिहिलं तर चालतं का? सहा महिन्यांनी फोन करून विचारण्यात काय हशील? (छत्रपती संभाजीनगर)

हशील काय ते एका उदाहरणात दिसतं. क्रॉनिक सबड्युरलमध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड द्यावं का, यावर ब्रिटनमधल्या २३ केंद्रांत ७४८ रुग्णांवर चाचणी झाली आणि ती २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. औषध दिलेल्या गटात पुन्हा ऑपरेशन १.७ टक्के रुग्णांना लागलं, न दिलेल्या गटात ७.१ टक्के. इथेच थांबलं तर औषध गुणकारी ठरतं. पण सहा महिन्यांनी मॉडिफाइड रँकिन स्केलवर, म्हणजे रोजच्या जगण्यात किती अपंगत्व उरलं याच्या मापावर, पाहिलं तेव्हा चांगल्या अवस्थेत असलेले औषधाच्या गटात ८३.९ टक्के होते आणि दुसऱ्या गटात ९०.३ टक्के. ऑपरेशनं कमी झाली, माणसं मात्र जास्त अपंग राहिली. निष्कर्ष उलटला तो सहा महिन्यांच्या त्या एका आकड्यामुळे.

तेव्हा रँकिन ० ते ६ कसा देतात ते व्यवस्थित शिका. ‘बरे आहेत’ या उत्तरावर आकडा टाकू नका. विचारा : आंघोळ, कपडे, जेवण स्वतः करतात का? एकटे बाहेर जातात का? पैशाचा व्यवहार पूर्वीसारखा सांभाळतात का? आणि फोन करायचा असेल तर त्या फोनची, त्यातल्या प्रश्नांची आणि संमती कशी घेणार याची परवानगी एथिक्स कमिटीकडून (संशोधनाला मान्यता देणाऱ्या समितीकडून) आधीच घेतलेली असली पाहिजे. घरात मृत्यू झालेला असू शकतो. त्या वेळी काय बोलायचं हेही गाइडशी, म्हणजे मार्गदर्शक अध्यापकांशी, आधी ठरवून ठेवा.

प्रश्न : सर म्हणतात, नुसता कागदांवरचा डेटा आहे, एथिक्स कमिटीची भानगड नको. बरोबर आहे का? (नागपूर)

नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रस्तावाचं परीक्षण तीन प्रकारे होतं : सूट, जलद आणि पूर्ण समितीसमोर. जुन्या केस पेपरांचा अभ्यास बहुधा पहिल्या दोहोंत बसतो आणि रुग्णाच्या संमतीतून सवलतही मागता येते. पण कशात बसतो हे समिती ठरवते, तुम्ही किंवा तुमचे सर नाही. काम झाल्यावर मागची परवानगी मिळत नाही, आणि चांगलं नियतकालिक परवानगीचा क्रमांक मागतंच.

समितीची बैठक रोज होत नसते. प्रश्न विचारून प्रस्ताव एकदा तरी परत येतो, म्हणून दोन-तीन महिने हाताशी ठेवा. बरोबर प्रोटोकॉल, कोरा फॉर्म, गाइडचं संमतिपत्र, विभागप्रमुखांची सही, संमतीतून सवलतीचा अर्ज आणि एमआरडीतून कागद पाहण्याची परवानगी लागते. मुख्य संशोधक तुमचे गाइड असतात, विद्यार्थी नाही.

परदेशी प्रकल्प असेल तर आणखी एक पायरी आहे, आणि तिथेच बहुतेक टीम अडकतात. परदेशी सहकार्य किंवा निधी असलेल्या आरोग्य-संशोधनाला आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची मान्यता लागते. शिवाय डेटा कुणाचा, तो कुठे साठवणार, पुढे वापरायचा तर कुणाला विचारायचं, याचा दोन संस्थांमध्ये लेखी करार हवा. ‘ग्रुपवर लिंक आली, लॉगिन केलं, नोंदी पाठवल्या’ हे चालणार नाही. निरोप आला त्याच दिवशी गाइडकडे जा.

नाव, फोन, आयपीडी (भरतीचा) क्रमांक, पूर्ण पत्ता हे रुग्णालयाबाहेर जात नाही. प्रकल्पाला नुसता अभ्यास-क्रमांक जातो. अभ्यास-क्रमांक आणि आयपीडी क्रमांकाची जोडयादी गाइडच्या कुलपात राहते. तारखांऐवजी ‘दाखल झाल्यापासून कितवा दिवस’ चालत असेल तर तेच द्या. सीटीच्या कोपऱ्यात रुग्णाचं नाव छापलेलं असतं, आणि ते झाकलं तरी डायकॉम फाइलच्या, म्हणजे सीटीच्या मूळ संगणकीय फाइलच्या, आत ते असतंच. अशा फिल्मचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकणं आपल्याकडे इतकं अंगवळणी पडलं आहे की त्यात काही गैर आहे असं वाटतही नाही. ते थांबलंच पाहिजे.

प्रश्न : आठ हजार रुपये भरा, वर्षात तीन न्यूरोसर्जरी पेपरांत नाव, अशी जाहिरात पाहिली. मित्रांनी भरलेत. मी काय करू? (मुंबई)

भरू नका. नाव लावायचे पैसे विद्यार्थ्याकडून कुठलाही प्रामाणिक गट घेत नाही. काही नियतकालिकं लेख छापायचं शुल्क घेतात. ते स्वीकृतीनंतर, नियतकालिकाला आणि पावतीनिशी जातं. दोन्हींची गल्लत करू नका.

कोणत्याही गटाला हे विचारा : एथिक्सचा क्रमांक काय? निष्कर्षांची जबाबदारी घेणारे वरिष्ठ डॉक्टर कोण? प्रोटोकॉल मिळेल का? माझं नाव कुठल्या स्वरूपात येईल, आणि ते लेखी कुठे आहे? काम अर्धवट राहिलं तर काय? उत्तराला टाळाटाळ झाली की विषय संपला.

आता स्वरूपाबद्दल. लेखक कोण, यासाठी वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने चार अटी घातल्या आहेत : कामात ठोस वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्याची चिकित्सा करणं, अंतिम प्रतीला मान्यता आणि कामाला उत्तरदायी राहणं. चारही हव्यात. नुसत्या नोंदी करणारा विद्यार्थी यात बसत नाही, आणि त्यात कमीपणा नाही. सामूहिक अभ्यासांत लेखक म्हणून अनेकदा गटाचं नाव येतं आणि प्रत्येक केंद्राच्या सदस्यांची नावं ‘कोलॅबोरेटर’ म्हणून छापली जातात. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या सूचीवर ती वेगळ्या यादीत दिसतात आणि नावाने शोधता येतात. गूगल स्कॉलरवर ती आपोआप येतीलच असं नाही. बायोडेटात ‘कोलॅबोरेटर, डेटा संकलन’ असंच लिहा. मुलाखतीत कुणी अभ्यासाचा निकष विचारला आणि सांगता आला नाही, तर पहिल्या लेखकाचा दावा तिथेच उघडा पडतो.

प्रश्न : आमच्या सरकारी कॉलेजात न्यूरोसर्जरी विभागच नाही. मग आम्ही बाहेरच? (मराठवाड्यातील एक विद्यार्थिनी)

उलट तुमच्याकडे अशी माहिती आहे जी मोठ्या केंद्रांकडे नसते. डोक्याला मार लागलेला दुचाकीस्वार आधी तुमच्याकडे येतो आणि मग पुढे पाठवला जातो. मोठ्या रुग्णालयाच्या नोंदी तो तिथे पोचल्यापासून सुरू होतात. अपघात किती वाजता झाला, तुमच्याकडे किती वाजता आला, सीटी कधी झाला, न्यूरोसर्जनशी फोनवर कधी बोलणं झालं, १०८ ची गाडी कधी निघाली, आणि निघताना त्याचा कोमा स्केल व डोळ्यांच्या बाहुल्या कशा होत्या, या सहा-सात नोंदी तुमच्या कॅज्युअल्टीतच मिळतात. वाटेत दगावलेला किंवा नातेवाइकांनी घरी नेलेला रुग्णही तुमच्याच रजिस्टरमध्ये सापडतो. सर्जरी विभागातल्या एका अध्यापकांना गाइड करा आणि जिथे रुग्ण पाठवता त्या केंद्राला जोडून घ्या.

एकट्याने सुरुवात करायची असेल तर आयसीएमआरची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप आहे : दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प, गाइड आणि एथिक्सच्या मान्यतेसह. ती सामूहिक नाही, पण प्रोटोकॉल लिहायचा हात तिथे बसतो.

प्रश्न : मी ठाण्याची, सध्या इंग्लंडमध्ये वैद्यकीय शिक्षण घेते आहे. तिथली रीत वेगळी आहे का?

कागद वेगळे आहेत. तिथे काम ऑडिट (चालू उपचार ठरलेल्या निकषांवर ताडून पाहणं) की संशोधन हे आधी ठरतं. ऑडिट असेल तर एथिक्स समितीऐवजी रुग्णालयाच्या ऑडिट विभागात नोंदणी आणि पर्यवेक्षक कन्सल्टंटची संमती लागते. रुग्णाची ओळख सांगणारी माहिती बाहेर जाणार असेल तर कॅल्डिकॉट गार्डियनची, म्हणजे रुग्णांच्या माहितीची गुप्तता सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याची, परवानगी लागते. विद्यार्थ्यांसाठी ‘नॅन्सिग’ हा न्यूरॉलॉजी-न्यूरोसर्जरीचा गट आहे, त्याच्यामार्फत प्रकल्पांची माहिती मिळते. डेटा एनएचएसच्या (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) संगणकाबाहेर स्वतःच्या लॅपटॉपवर नेऊ नका. तिथे याबाबत गय होत नाही.

प्रश्न : मुलगी तिसऱ्या वर्षाला आहे आणि या नादात रात्री जागते. पीजीला याचा उपयोग आहे का? (एक पालक, कोल्हापूर)

भारतात पीजीचा प्रवेश मुख्यतः नीट-पीजीच्या क्रमांकावर होतो, पेपरांना गुण नाहीत. न्यूरोसर्जरीला एमएसनंतर एमसीएच, किंवा काही संस्थांत थेट सहा वर्षांचा अभ्यासक्रम असे मार्ग आहेत, आणि दोन्हीकडे प्रवेश परीक्षाच आहे. परदेशी अर्जांत संशोधनाला वजन असतं. तेव्हा प्रवेशासाठी म्हणून ती हे करत असेल तर तिला थांबवा. विषयाच्या ओढीने करत असेल तर वर्षाला एकच प्रकल्प, परीक्षेच्या दोन महिने आधी पूर्ण बंद, असं ठरवून द्या. नोंदींचा कालावधी आधीच जाहीर असतो, तो परीक्षेत येत असेल तर नाव देऊच नये. मध्येच सोडलं तर त्या केंद्राच्या सगळ्या नोंदी वाया जाऊ शकतात.

प्रश्न : नोंदी पाठवून महिना झाला. आता लक्षात आलं की तीन रुग्णांचा १४व्या दिवसाचा निकाल डिस्चार्ज कार्डावरून अंदाजाने भरला होता. पेपर लिहून होत आला आहे. गप्प बसावं का? (नाशिक)

आजच गाइडना सांगा आणि दोघांच्या नावाने समन्वयकांना लिहा. तीन अभ्यास-क्रमांक, कोणता रकाना, काय भरलं होतं आणि मूळ कागदात काय आहे, एवढंच. सबबी नकोत. बाराव्या दिवशी घरी गेलेल्या रुग्णाची पुढची माहिती नसेल तर प्रोटोकॉल काय म्हणतो ते पाहा. वर उल्लेखलेल्या न्यूरोट्रॉमा अभ्यासात अशा वेळी शेवटच्या पाहिलेल्या दिवसाचीच स्थिती धरायची होती, अंदाज लागतच नव्हता. तुमच्याकडे तशी सोय नसेल तर ‘माहिती नाही’ करा. समन्वयक रेकॉर्ड पुन्हा उघडून देतील, विश्लेषण पुन्हा चालवतील, त्यात फार वेळ जात नाही. पेपर अजून छापलेला नाही, तोवर ही साधी दुरुस्ती आहे. आणि त्याच टीमने भरलेल्या बाकीच्या नोंदींचे १४व्या दिवसाचे रकानेही मूळ कागदांशी ताडून पाहा. एकाने जिथे अंदाज केला तिथे दुसऱ्यानेही केलेला असू शकतो.